जामखेड : सतरंजीवरचे डॉक्टर

(दृश्य : प्रशिक्षणाचा हॉल. जमिनीवर गोल करून बसलेल्या बाया.)

यात डॉक्टर कोण, ते पटकन ओळखू येत नाही. सगळे सतरंजीवर, एकाच गोलात. नगर जिल्ह्यातल्या जामखेडच्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पात शिकायची आणि शिकवायची रीत हीच.

ही रीत घातली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी. दोघंही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातले. आयुष्य खेड्यातल्या गोरगरिबांसाठी द्यायचं, हे त्यांनी लग्नाच्या दिवशीच ठरवलं होतं. नेवाशाकडे वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात काम करताना दिसलं ते असं : बरा होऊन घरी गेलेला पेशंट तेच दुखणं घेऊन परत येतो, कारण गावातलं पाणी तेच आणि पोटातली भूकही तीच. मग अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन 1970 मध्ये दोघं जामखेडच्या दुष्काळी भागात आले.

(दृश्य : गावाकडचा रस्ता. पिशवी घेऊन निघालेली आरोग्यसेविका.)

आधी गावोगाव नर्सबाई ठेवून पाहिल्या. परक्या गावात एकटीनं राहणं त्यांना जमेना. तेव्हा गावातलीच बाई निवडायची ठरली, आणि तीही गावानं. यातल्या कितीतरी जणी दलित होत्या, अक्षरओळख नसलेल्या, कुणी नवऱ्यानं टाकलेल्या. दर आठवड्याला त्या जामखेडला यायच्या. बाळंतपणात हात आणि पातं स्वच्छ कसं ठेवायचं, जुलाब लागलेल्या लेकराला मीठ-साखरेचं पाणी कसं पाजायचं, गरोदर बाईला धोका आहे हे कशावरून ओळखायचं, सगळं तोंडी, चित्रं दाखवून, पुन्हा पुन्हा. शिवाय जेवण सगळ्या जातींच्या बायांनी एकत्रच करायचं. हा धडा औषधांच्या धड्यांपेक्षा जड गेला, आणि आमच्या मते तोच मोठा होता.

(दृश्य : हातपंप. हंडे भरणाऱ्या बाया.)

बोअरची जागा पाहताना आरोळे शक्यतो दलितवस्तीतलीच जागा धरत. पाणी हवं तर सगळ्या गावानं तिथं यायचं.

शेवटच्या भोजनाच्या रात्री येशूनं कमरेला रुमाल बांधला आणि शिष्यांचे पाय धुतले. गुरू खाली बसला. आरोळे दांपत्य याच प्रभूला मानणारं. डॉक्टरकीचं ज्ञान म्हणजे मान, पैसा, वजन. तेच त्यांनी गावानं ज्यांना दाराबाहेर उभं केलं होतं त्यांच्या हातात दिलं.

सुरुवातीला हजारामागे 176 बाळं वर्षाच्या आत दगावत. काही दशकांत हा आकडा तिसाच्या आत आला. 1979 मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

(दृश्य : परदेशी पाहुण्यांसमोर बोलणारी आरोग्यसेविका.)

मेबलताई 1999 मध्ये गेल्या, डॉक्टर 2011 मध्ये. देशोदेशीचे डॉक्टर आणि विद्यार्थी जामखेडला सार्वजनिक आरोग्य शिकायला येतात. त्यांना शिकवणाऱ्यांत या आरोग्यसेविकाही असतात.