चुना, दगड आणि चार महिन्यांचा पाऊस

(दृश्य: ओव्हल मैदान, सकाळ. एकाच वेळी चाललेले पाच-सहा क्रिकेटचे सामने.)

ओव्हल मैदानाच्या मधोमध उभे राहिले की दोन काळांतली मुंबई समोरासमोर दिसते. पूर्वेला उच्च न्यायालय, राजाबाई टॉवर, विद्यापीठाचे दीक्षान्त सभागृह. सगळे एकोणिसाव्या शतकातले दगडी काम. पश्चिमेला, बॅक बेच्या भरावावर १९३० च्या दशकात उभ्या राहिलेल्या, गोलसर कोपऱ्यांच्या आर्ट डेको इमारती. हा परिसर आणि मरीन ड्राइव्ह मिळून ९४ इमारतींचा समूह २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस त्याआधीच, २००४ मध्ये. अशा जुन्या इमारती पावसात टिकवायच्या कशा, त्याची ही गोष्ट.

पूर्वेकडची ही बाजू कापसाच्या पैशाच्या काळातली. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतल्या यादवी युद्धात लँकेशायरच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेना, तेव्हा मुंबईच्या व्यापाऱ्यांचे फावले. त्याच दशकात किल्ल्याची तटबंदी पाडली गेली आणि मोकळ्या झालेल्या पट्ट्यात सरकारी इमारती उठल्या. प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून १८७८ मध्ये पूर्ण झालेला २८० फुटी मनोरा, म्हणजे राजाबाई टॉवर, त्यांच्या आईच्या नावाने ओळखला जातो. त्याचा आराखडा करणारे जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट मुंबईला कधी आलेच नाहीत. दगड मात्र इथला: कुर्ल्याचा, मालाडचा, आणि काळा बसॉल्ट. बारीक नक्षीला पोरबंदरचा मऊ चुनखडक.

(दृश्य: भिंतीचा जवळून भाग. दोन दगडांमधला सांधा.)

यादीत नाव लागले तरी पाऊस काही सवलत देत नाही. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत शहरावर साधारण दोन मीटर पाणी पडते, आणि ते वाऱ्याबरोबर आडवे येते. जुन्या बांधणाऱ्यांनी हे गृहीत धरले होते. दगडी भिंत भिजणार, आणि मग सांध्यांतल्या चुन्यातून वाळणार. चुना दगडापेक्षा मऊ आणि सच्छिद्र असतो. ओल त्यातून बाहेर पडते, क्षार त्यातच साठतात, झिजतो तोही चुनाच. काही दशकांनी तो खरवडून नवा भरायचा, इतका साधा हिशेब.

तो बिघडवला सिमेंटने. 'पक्के काम' म्हणून चुन्याचे सांधे सिमेंटने बुजवले की ओलीची वाट बंद होते. मग पाणी दगडातून बाहेर पडू लागते, क्षार दगडाच्या पृष्ठभागाखाली फुगतात आणि पोपडे सुटतात. आधी लोणा, म्हणजे क्षारांचा पांढरा थर, दिसतो, मग दगडाची कड गोल होते. शेवटी सिमेंटची रेघ पुढे आलेली आणि दगड आत गेलेला. फोर्टमधून चालताना एवढ्या एका खुणेवरून चुकीची दुरुस्ती ओळखता येते.

(दृश्य: चुन्याची टाकी. गवंडी घमेल्यातून कळीचा चुना पाण्यात सोडतो.)

योग्य दुरुस्तीची सुरुवात टाकीपासून होते. कळीचा, म्हणजे भाजलेला पण न विरवलेला, चुना पाण्यात घालायचा. चुन्यावर पाणी ओतले तर उकळता चुना अंगावर उडतो. विरलेला चुना बारीक चाळणीतून गाळून किमान दोन-तीन आठवडे पाण्याखाली ठेवतात. जितका जुना तितका चांगला. इथे घाई केली तर न विरलेले खडे गिलाव्यात राहतात, महिन्यांनी ओल धरून फुगतात आणि भिंतीवर फुटकुळ्या उठतात. ठेकेदार दोष पावसाला देतो.

एक भाग चुन्याला वाळू आणि सुरखी मिळून तीन भाग, हे सर्वसाधारण प्रमाण. सुरखी म्हणजे भाजलेल्या विटेची पूड. तिच्यामुळे चुना दमट हवेतही धरतो. गूळ आणि बेलफळाचे पाणी घालायचा रिवाज आहे, पण ते जास्त झाले की बुरशी येते. नेमके प्रमाण जुन्या चुन्यालाच विचारावे लागते. त्याचा तुकडा सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात टाकला की चुना विरघळतो, वाळू खाली उरते, ती वजन करून चाळायची. मात्र वाळूत शिंपल्यांचा चुरा असेल तर तोही विरघळतो आणि चुना खरा होता त्यापेक्षा जास्त दिसतो. मुंबईसारख्या किनाऱ्यावर हे लक्षात ठेवलेले बरे.

मग दरजा, म्हणजे दगडांमधले सांधे, भरायच्या. सांधा त्याच्या रुंदीच्या दुप्पट खोल, निदान २० ते २५ मिलिमीटर, हातोडी आणि बारीक छिन्नीने मोकळा करतात. ग्राइंडर लावला की काम चौपट वेगाने होते आणि दगडांच्या कडा कायमच्या कापल्या जातात. सांधा धुऊन ओला करायचा, चुना दाबून भरायचा, ओले गोणपाट लावून निदान आठवडाभर उन्हापासून जपायचा. म्हणूनच परांची ऑक्टोबरनंतर बांधतात आणि बाहेरचे काम मेमध्ये आटोपतात.

(दृश्य: कंगणीवर, म्हणजे भिंतीच्या माथ्याच्या पुढे आलेल्या दगडी पट्टीवर, उगवलेला पिंपळ.)

पिंपळ हा वेगळा विषय. वरून छाटला की दुप्पट जोमाने फुटतो, ओढून काढला तर मुळांबरोबर दगडही येतात. खोड कापून त्यात भोके पाडायची, तणनाशक भरायचे, झाड पूर्ण मरू द्यायचे. मग ते दगड क्रमांक घालून उतरवायचे, मुळे काढायची, दगड पुन्हा बसवायचे. आतल्या पोकळ्यांत पातळ चुना नळीने खालून वर, कमी दाबाने सोडतात. वरच्या नळीतून तो बाहेर आला की खालची बंद.

दगडांना जोडणाऱ्या लोखंडी पकडींचेही असेच. गंजलेले लोखंड कित्येक पट फुगते आणि दगड आतून फोडते. जागी ३१६ ग्रेडचे स्टेनलेस स्टील घालतात. फुटलेला दगड बदलायचा तर मालाडचा दगड आता खाणीतून मिळत नाही. पाडलेल्या जुन्या इमारतींतला शोधावा लागतो.

(दृश्य: हुतात्मा चौक. फ्लोरा फाउंटन.)

१८६४ चे हे कारंजे इंग्लंडहून आणलेल्या पोर्टलंड दगडात कोरलेले. जपणूक म्हणून त्यावर पांढरा ऑइलपेंट चढवला गेला होता. त्याने ओल आत कोंडली आणि नक्षीच्या कडा बुजवल्या. २०१९ च्या सुरुवातीला ते दुरुस्त होऊन खुले झाले तेव्हा मूळ दगड पुन्हा दिसू लागला. असा रंग काढताना वाळूचा मारा करायचा नसतो. दगडाची टणक झालेली साल त्याबरोबर जाते. छोट्या कोपऱ्यावर चाचणी, मग रंग सोडवणारा लेप, मऊ ब्रश, कमी दाबाचे पाणी.

(दृश्य: काळा घोडा. एस्प्लनेड मॅन्शन.)

सगळेच दगडी नाही. १८६७ ते १८६९ मध्ये उभे राहिलेले वॉटसन हॉटेल, आजचे एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे इंग्लंडमध्ये ओतून जहाजाने आणलेला बिडाचा सांगाडा. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिए बंधूंचा चलचित्रांचा खेळ भारतात पहिल्यांदा इथेच झाला. बीड वाकत नाही, एकदम तडकते, आणि साध्या वेल्डिंगने शेजारी नवी भेग पडते. त्यात मजल्यांवर पोटविभाग करत नेले की भार वाढतो आणि गंज झाकला जातो. २००५ मध्ये दर्शनी भागाचा तुकडा कोसळून एकाचा जीव गेला.

इथे पैशाचा प्रश्न येतो. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. त्यात मालकाला छप्पर शाकारणेही जमेना, भाडेकरूला मात्र घर परवडले. दोघांचेही खरे होते. १९९५ च्या वारसा नियमांनी इमारतींना श्रेणी दिल्या. पहिल्या श्रेणीत इमारत टिकवायला लागेल तेवढे सोडून आतबाहेर काही बदलता येत नाही, दुसरीत आतले बदल चालतात, तिसरीत त्याहून सैल. बांधकामाचा हक्क गमावणाऱ्या मालकाला तो हक्क दुसरीकडे विकण्याची, टीडीआरची, सोयही ठेवली. ती पुरेशी आहे असे मालकांना वाटत नाही.

(दृश्य: गच्ची, मे महिना. कामगार पन्हळीतून पालापाचोळा काढतो.)

बाकी सगळ्यात स्वस्त काम हेच. मेअखेर पन्हळी आणि पावसाच्या नळांची तोंडे साफ करायची, सरकलेली मंगलोरी कौले बसवायची, एसीचे पाणी भिंतीवर ठिबकत असेल तर नळी वळवायची, कंगणीवरची बोटभर उंचीची रोपे उपटायची. त्या वयाचा पिंपळ दोन बोटांनी निघतो.