सीटखालचा रंग

नमस्कार. येताना बाहेर उभी असलेली फियाट सगळ्यांनी पाहिली असेलच, दोघातिघांनी तर मला लगेच विचारलं, "ओरिजनल आहे का हो?" मी नाही म्हटलं तर त्यांना पटेना. चकाचक गाडी, क्रोम आरशासारखं, सीटवर एक सुरकुती नाही, मग ओरिजनल कशी नाही? तर तेच आज सांगायचंय.

आपल्याकडे ओरिजनल म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर आत्ता शोरूममधून आणल्यासारखी गाडी येते. माझ्या मते ज्या गाडीवरून आजवर काही पुसलंच गेलं नाही ती ओरिजनल. ओरखडे असोत, ऊन लागून रंग विटलेला असो, सीट फाटलेली असो, चालेल. मूळचं किती शिल्लक आहे आणि मधल्या वर्षांत जे झालं ते दिसतंय का, एवढंच बघायचं.

अमेरिकेत कॅलिफोर्नियाला पेबल बीच म्हणून जुन्या गाड्यांचं जगातलं सगळ्यात मानाचं प्रदर्शन भरतं, 1950 पासून. तिथे वर्षानुवर्षं पहिला नंबर कोणाला, तर नव्यासारख्या करून आणलेल्या गाड्यांना. 2024 मध्ये पहिल्यांदाच रिस्टोअर न करता, आहे तशी जपलेली जुनी गाडी तिथे सर्वोत्कृष्ट ठरली, 1934 ची बुगाटी टाइप 59. आता गंमत बघा, ही गाडी जन्मली ग्रां प्री रेसिंगसाठी, नंतर बुगाटीनेच तिची स्पोर्ट्स कार केली, 1938 मध्ये ती बेल्जियमचे राजे तिसरे लिओपोल्ड यांच्याकडे गेली आणि त्यांच्यासाठी काळी होऊन वर पिवळा पट्टा आला. म्हणजे पहिल्या दिवशीची गाडी आणि ही गाडी एक नाही, रंगसुद्धा तो नाही. तरी तिला मान मिळाला, कारण हे सगळं त्या काळात, ती वापरात असताना झालं आणि पुढे कोणी ते खरवडून परत 1934 ची करायला गेलं नाही. काळ्याखालचा रंग काढायचा तर राजाचा काळा जाणार ना! मला हे फार पटतं. नव्वद वर्षांची गाडी आणि तिच्यावर राजाच्या वेळचा रंग अजून बसलाय, तो एकदा घालवला की कितीही पैसे ओतले तरी परत येत नाही.

दुसरं उदाहरण कोर्टातलं. बेंटलीची 'ओल्ड नंबर वन' नावाची रेसिंग गाडी, 1929 आणि 1930 अशी लागोपाठ दोन वर्षं फ्रान्समधली ल मां ही चोवीस तासांची शर्यत जिंकलेली. पुढे तिच्यात इतकी अदलाबदल झाली की विचारू नका, 1932 ला ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर अपघात झाला, त्यात ड्रायव्हर क्लाइव्ह डन्फी गेला, मग तिच्यावर कूपे, म्हणजे दोन दारांची बंद बॉडी चढली. पुढे ही गाडी विकताना घेणारा म्हणाला ही ती गाडीच नाही, 1929 चं हिच्यात उरलंय काय? प्रकरण लंडनच्या हायकोर्टात गेलं, 1990 मध्ये न्यायमूर्ती ऑटन यांनी निकाल दिला. त्यांचं म्हणणं असं की हिला ओरिजनल म्हणता येणार नाही, पण ही अस्सल ओल्ड नंबर वनच आहे, कारण भाग हळूहळू बदलत गेले, कुठेही धागा तुटला नाही आणि या नावावर हक्क सांगणारी दुसरी गाडीही नाही. म्हणजे अस्सल वेगळं आणि ओरिजनल वेगळं. आपण हे दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतो आणि तिथेच घोळ होतो. माझी फियाट अस्सल आहे, कागद आहेत, एकाच घरात राहिलीय. ओरिजनल नाही.

आपल्या सरकारनेही 2021 मध्ये व्हिंटेज गाड्यांचा नियम आणला, 50 वर्षांच्या वरची गाडी, चेसी, बॉडी आणि इंजिनात मोठे बदल केलेले नसावेत, मग नंबरात व्हीए अक्षरं मिळतात. ठीक आहे, चांगला नियम आहे, डिझेल इंजिन टाकलेल्या गाड्या तिथेच गळतात. पण तो रंगाबद्दल, सीटबद्दल काही विचारत नाही, ते आपलं आपणच बघायला लागतं.

बघायचं कसं? बोनेटवर हात फिरवून काही कळत नाही. दाराचं रबर बोटाने जरा मागे सरकवा आणि त्याच्या कडेवर रंगाचे बारीक फवारे आहेत का बघा, असतील तर गाडीला रबर न काढता रंग मारलेला आहे. बिजागरीच्या स्क्रूची खाच बघा, पाना-पेचकस लागला असेल तर कडा मोडलेल्या दिसतात. डिकीतलं मॅट उचला, डॅशबोर्डखाली टॉर्च मारा, पेंटरचा हात जिथे पोचत नाही तिथे गाडी खरं बोलते. रंगाची जाडी मोजायचं मीटर मिळतं, कंपनीचा रंग साधारण 100 ते 150 मायक्रॉनच्या आसपास असतो, आकडा एकदम 500 च्या वर गेला की खाली लांबी, म्हणजे पुट्टी भरलीय समजा. इंजिन नंबर आरसी बुकाशी जुळवा, पण नुसता आकडा नको, अक्षरं एका ओळीत आहेत का, आजूबाजूचा भाग कानशीने घासलाय का तेही बघा.

टायर, बॅटरी, होज पाइप, ब्रेकचे रबर, हे बदलल्याने ओरिजनलपणा जात नाही, ते झिजण्यासाठीच असतं आणि पन्नास वर्षांच्या ब्रेक पाइपवर कोणी घाट उतरू नये. फ्लोअरचा पत्रा सडला असेल तर तोही कापावाच लागेल. फक्त तेवढाच कापा, आधी फोटो काढा, काढलेला तुकडा भंगारात टाकू नका. एक मडगार्ड ठोकलंय म्हणून अख्ख्या गाडीला रंग मारू नका, हे तर मी हात जोडून सांगतो.

कारण आमच्याकडे तेच झालं. गाडी 1969 ची, 1100 डिलाइट, कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यातली, पद्मिनी हे नाव यायला अजून पाच वर्षं होती. आजोबांनी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघून घेतलेली. ड्रायव्हरच्या दाराच्या वरच्या कडेला, बरोबर जिथे त्यांचं कोपर टेकायचं, तिथला रंग घासला जाऊन आधी प्रायमर आणि मधोमध रुपयाएवढा उघडा पत्रा दिसायचा, गुळगुळीत, पितळी भांड्याच्या कडेसारखा. 1997 ला आम्ही गाडी गॅरेजला दिली, काम खरं तर एका दाराचं होतं, गॅरेजवाला म्हणाला सगळीच करून देतो, नवी कोरी, आणि आम्ही खुशीत हो म्हटलं. दोन महिन्यांनी क्रीम कलरची गाडी आली. सीटचं जुनं रेक्झिन, दाराची पॅनल्स, मागची काच, सगळं त्याने परस्पर काढून टाकलेलं. आजोबांनी पहिल्यांदा गाडीत बसून काच खाली केली, कोपर दारावर ठेवलं, मग उचललं आणि जागा चाचपडून बघितली. बोलले काही नाहीत. त्या दिवशी मला त्याचा अर्थ कळला नव्हता.

मूळ रंग कोणता होता यावर घरात अजून वाद आहे, आई म्हणते राखाडी, काका म्हणतात हिरवट. मागच्या वर्षी वायरिंगच्या कामासाठी मागची सीट पूर्ण उचलली तर खाली पेंटरने हातच लावलेला नाही. वीतभर रुंद पट्टा आहे, फिकट हिरवट-राखाडी, म्हणजे दोघंही बरोबर, आणि त्यावर जकात नाक्याची एक पावती ओलीने चिकटून बसलीय, शाई उडालीय पण शिक्का ओळखू येतो.

आज सीट काढूनच आणलीय, टॉर्चही ठेवलाय तिथे. दोघादोघांनी या, निवांत बघा, फक्त ती पावती ओढू नका, रंगासकट निघेल.