दहा वर्षांचे काम आणि माणसांची ये-जा

मित्रहो,

बाणकोटपासून तेरेखोलपर्यंतच्या खाड्यांवर चित्रकार, मूर्तिकार, दशावतारी, नमन-जाखडी या लोककलांची मंडळी, छायाचित्रकार आणि लिहिणारे अशा सगळ्यांनी मिळून दहा वर्षे काम करावे, ही कल्पना इथे बसलेल्या बहुतेकांना मान्य आहे, आणि मला बोलावले आहे ते त्या कामाच्या नियोजनावर बोलण्यासाठी. विषयाबद्दल मी फार बोलणार नाही. सावित्रीची बाणकोट, वाशिष्ठीची दाभोळ, शास्त्रीची जयगड, काजळीची भाट्ये, अर्जुनेची जैतापूर, वाघोटणची विजयदुर्ग, गड नदीची कालावल, मग कर्ली आणि शेवटी तेरेखोल, अशा नऊ खाड्या नुसत्या ओळीने घेतल्या तरी ऐवज पुरून उरेल. मला काळजी आहे ती माणसांची. दहा वर्षांत कोणाला मुंबईत नोकरी लागेल, कोणाचे लग्न होऊन गाव बदलेल, कोणाच्या घरी आजारपण येईल, आणि कोणाला या कामाचा सरळ कंटाळा येईल, जे माझ्या मते अगदी रास्त कारण आहे. म्हणून नियोजनाची सुरुवात आपण सहभागी कलावंतांच्या यादीने करू नये. आलेला माणूस मध्येच गेला तर काम कसे चालेल आणि तो चार वर्षांनी परत आला तर त्याला कोणती जागा मिळेल, या प्रश्नापासून सुरुवात करावी, एवढेच माझे आजचे म्हणणे आहे. बाकीचे सगळे त्याचाच विस्तार आहे.

आधी दोन उदाहरणे पाहू. १९४७ मध्ये मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला. सूझा, रझा, आरा, हुसेन, गाडे, बाकरे ही नावे आपल्याला पाठ आहेत. १९४९ मध्ये सूझा लंडनला गेले, १९५० मध्ये रझा पॅरिसला गेले, आणि १९५६ मध्ये गट रीतसर विसर्जित झाला. या माणसांनी पुढे केलेले काम केवढे मोठे आहे हे सांगायला नको, पण गट म्हणून त्यांना जोडणारी गोष्ट होती ती चित्रकलेविषयीची भूमिका आणि परस्परांचा सहवास. सहवास संपला तेव्हा गटाकडे सांभाळण्यासारखे वेगळे काही उरले नव्हते. दुसरीकडे के. सी. एस. पणिक्कर आणि त्यांचे विद्यार्थी यांनी १९६६ मध्ये मद्रासजवळ समुद्रकाठी चोळमंडल हे कलाग्राम वसवले. त्यांनी बाटिकसारख्या हस्तकलांच्या विक्रीतून पैसा उभा केला, त्यातून जमीन घेतली, आणि ज्याची त्याची चित्रे ज्याच्या त्याच्या मनाप्रमाणे होऊ दिली. ते गाव आजही आहे. पणिक्करांचे थोरपण त्यात होतेच, परंतु गावाच्या टिकण्याचे श्रेय मी जमिनीला आणि सामाईक उत्पन्नाला अधिक देतो.

आता आपल्याकडे पाहू, कारण या बाबतीत आपल्याला फार लांब जायची गरज नाही. जत्रेच्या रात्री दशावताराच्या पडद्यामागे गेलात तर पेटारे उघडलेले असतात, प्रत्येक नट समोर आरसा धरून स्वतःच स्वतःचे तोंड रंगवत असतो, स्त्रीपार्टी करणारा नट लुगडे चापूनचोपून नेसत असतो, आणि कोणते आख्यान लावायचे हे ठरले की एखादा जाणता माणूस कथानकाचे टप्पे थोडक्यात सांगून टाकतो. लिहिलेली संहिता नसते. रंगमंचावर एक लाकडी बाकडे असते, ते वेळप्रसंगी सिंहासन होते. मात्र गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, संकासुर हा आरंभीचा क्रम ठरलेला, पेटी-मृदंग-झांजेची साथ ठरलेली, आणि पहाटेचा दहीकालाही ठरलेला. म्हणूनच एखादा नट आजारी पडला तर दुसऱ्या मंडळातला नट येऊन त्याच रात्री उभा राहू शकतो. संवाद त्याचे स्वतःचे असतात, परंतु आपण कोणाच्या आधी आणि कोणाच्या नंतर यायचे हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही.

आपल्या कामातही काय ठरवायचे आणि काय मोकळे सोडायचे याची विभागणी अशीच असावी. खाड्यांचा क्रम, वर्षातल्या भेटींच्या वेळा, नोंदी ठेवण्याची पद्धत, पैशाची वाटणी आणि नावांचा उल्लेख, या गोष्टी एकदा ठरल्या की सहसा बदलू नयेत. कोणी काय रंगवावे, काय लिहावे, कोणते आख्यान रचावे, यात कोणत्याही समितीने पडू नये. माझ्या पाहण्यात बहुतेक सामूहिक प्रकल्पांत नेमके उलटे घडते: कलेच्या सामाजिक बांधिलकीवर दोन दोन दिवस ठराव होतात, आणि शिबिराच्या जेवणाचा खर्च कोणाच्या खिशातून गेला हे सहा महिन्यांनी भांडणातून कळते.

वेळापत्रकाविषयी जरा सविस्तर बोलतो, कारण शहरात बसून आखलेले कार्यक्रम इथे पहिल्यांदा वेळापत्रकातच फसतात. आपल्यातले बहुतेक कलावंत पोटासाठी आणखी काहीतरी करतात, आणि त्या प्रत्येक कामाचा हंगाम वेगळा आहे. जून-जुलैत लावणी असते, तेव्हा शेती असलेला माणूस मिळणार नाही. त्याच सुमारास गणपतीच्या शाळा, म्हणजे मूर्ती घडवण्याचे कारखाने, सुरू होतात, घरोघरचे पाट शाळेत येऊन पडतात, आणि तिथपासून भाद्रपदातल्या चतुर्थीपर्यंत मूर्तिकाराला मान वर करायला फुरसत नसते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भातकापणी येते. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की दशावतारी मंडळी रात्री जागतात आणि दिवसा झोपतात, ते पार उन्हाळ्यापर्यंत. फाल्गुनात शिमगा येतो आणि पालखी घरोघर फिरते. त्या दिवसांत नमनवाल्यांना सभेला बोलावणे म्हणजे अपमानच. मग आंबा, आणि मे महिन्यात चाकरमानी. हे सगळे वजा केले की सगळ्यांना मोकळा असा एकच सलग काळ हाती राहतो, तो पितृपक्षाचा पंधरवडा. गणपती गेलेले असतात, भात शेतात उभे असते, जत्रा लागलेल्या नसतात. त्या पंधरवड्यात नवीन काही सुरू करू नये असे मानणारे आपल्यात आहेत याची मला कल्पना आहे. त्यांच्यासाठी प्रारंभाचा नारळ आपण घटस्थापनेला फोडू, परंतु शिबिर मात्र पंधरवड्यातच भरवू.

एक बारीक बाब इथेच सांगतो. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना समुद्रात मासेमारीची बंदी असते, होड्या वर ओढलेल्या असतात आणि जाणते मच्छीमार घरी भेटतात. खाडीतला गाळ कसा सरकला, कोणता मासा मिळेनासा झाला, माणसे पलीकडे नेणारी कोणती होडी बंद पडली, हे विचारायची वेळ तीच. चित्रकार आणि मूर्तिकार त्या दिवसांत मिळणार नाहीत, पण लिहिणारे आणि ध्वनिमुद्रण करणारे मिळतील. म्हणजे वर्षाला दोन भेटी धराव्यात, एक छोटी जूनमध्ये आणि एक मोठी पितृपक्षात. ‘दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी’ असले ठराव कृपा करून करू नयेत.

आता जाणाऱ्या माणसाविषयी. कोकणातला माणूस मुंबईला गेला म्हणून गावातून गेला असे आपण धरत नाही. वाडीचे मंडळ गावात असते तसे त्याचे मुंबई मंडळ असते, तिथल्या वहीत वर्गणीची नोंद होते, आणि शिमग्याला आलेला चाकरमानी पालखीला खांदा द्यायला हक्काने पुढे होतो. हीच रीत आपण लेखी स्वरूपात आणावी. सभासद दोन प्रकारचे असावेत, किनाऱ्यावर राहून काम करणारे आणि लांबून हातभार लावणारे, आणि एका प्रकारातून दुसऱ्यात जायला एका पत्रापलीकडे काही लागू नये. प्रत्येक जबाबदारीला, विशेषतः हिशेब आणि नोंदी यांना, पहिल्या दिवसापासून दोन माणसे असावीत. लग्न होऊन दुसऱ्या तालुक्यात गेलेल्या चित्रकार मुलीला तिथल्या खाडीच्या कामात आपोआप जागा असावी. आपल्या नऊ खाड्या रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांत पसरलेल्या आहेत त्याचा एवढा तरी उपयोग व्हावा.

जाणाऱ्याने केलेल्या कामाचे काय, हा प्रश्न मात्र सौजन्यावर सोडू नये. प्रताधिकार (कॉपीराइट) कायदा १९५७ चा आहे, आणि त्यातल्या तीन-चार तरतुदी आपल्याला थेट लागू पडतात. दोघांनी मिळून केलेल्या कृतीत कोणाचा भाग कोणता हे वेगळे काढता येत नसेल तरच ती संयुक्त कृती ठरते. चित्र एकाचे आणि मजकूर दुसऱ्याचा असेल तर दोघांचे हक्क वेगवेगळे राहतात. लेखन आणि चित्र यांचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे चालतो, आणि संयुक्त कृतीत ती मोजणी शेवटच्या कर्त्याच्या मृत्यूपासून होते. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षे समजली जाते, आणि प्रदेश लिहिला नाही तर तो भारतापुरता समजला जातो. रंगमंचावर सादर करणाऱ्या नटाला आणि गायकालाही स्वतंत्र हक्क आहे, तो ५० वर्षांचा. जत्रेत मोबाइलवर टिपलेला दशावतार परस्पर इंटरनेटवर टाकणाऱ्यांना हे ठाऊक नसते, पण आपल्याला ठाऊक नसून चालणार नाही. आपला करार दोन पानांचा, मराठीत आणि मोठ्या अक्षरांत असावा. कृती ज्याची त्याची राहील, दहा वर्षांच्या कामात ती दाखवण्याची आणि छापण्याची परवानगी सर्वांना असेल, मुदत व प्रदेश स्पष्ट लिहिलेले असतील, आणि सोडून गेलेल्याचे नाव कोणत्याही प्रदर्शनातून वगळले जाणार नाही, एवढे त्यात पुरे.

पारंपरिक कलांच्या बाबतीत आणखी जपावे लागेल. आपण कुडाळला बसलो आहोत, आणि पिंगुळी इथून जवळच आहे. तिथल्या ठाकर समाजाच्या चित्रकथीच्या, म्हणजे चित्रे दाखवत कथा सांगण्याच्या, पोथ्या, कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्या या घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेल्या आहेत. पोथीचा फोटो काढला की त्या फोटोवर छायाचित्रकाराचा हक्क येतो, आणि पोथी सांभाळणाऱ्या घराचे नावही कोठे राहत नाही. तेव्हा अशा फोटोचा वापर त्या घराच्या परवानगीनेच होईल, हे वाक्य करारात असलेच पाहिजे. तिथलेच कलावंत परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, त्याच्या कितीतरी आधी त्यांनी घरच्या गोठ्यात संग्रहालय उभे केले होते. मूळ वस्तू घरातच राहावी आणि आपल्याकडे तिची प्रत यावी, हा धडा मी तिथून घेतो.

प्रत कोठे ठेवायची हेही आताच ठरवावे. पावसाळ्यातल्या दमटपणात कागदाला बुरशी धरते, हे इथे कोणाला सांगायला नको. चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरासारखे १८६४ पासूनचे ग्रंथालय २००५ आणि २०२१ अशा दोन पुरांत सापडले. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या परिसरात धडकले, आणि पुढच्याच मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गेले. प्रत्येक नोंदीच्या तीन प्रती असाव्यात, त्यातली एक घाटावर, कोल्हापूरला म्हणा, आणि किनाऱ्यावरची एकही प्रत तळमजल्यावर नसावी.

पैशाविषयी थोडक्यात. सात माणसे मिळून १८६० च्या कायद्याखाली संस्था नोंदवता येते, आणि महाराष्ट्रात तिची १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालीही नोंदणी होते. ते आपण करू, पण घाईने नको. संस्था आधी आणि काम नंतर असे झाले की पहिले वर्ष अध्यक्षपदातच जाते. मोठ्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची असते आणि त्या यादीत कला व पारंपरिक हस्तकला येतात, हे खरे आहे. परंतु तिथे दीर्घ प्रकल्पालाही सुरुवातीचे वर्ष सोडून तीन वर्षांपलीकडे मुदत मिळत नाही. म्हणून असा पैसा एखाद्या खाडीच्या प्रदर्शनासाठी किंवा पुस्तकासाठी जरूर घ्यावा, पण प्रवास, जेवण आणि नोंदी हा मूळ खर्च आपल्या वर्गणीतूनच चालला पाहिजे, मग ती कितीही लहान असो.

राहता राहिला पहिल्या खाडीचा प्रश्न. नऊ खाड्या आणि दहावे वर्ष एकत्र मांडणीचे, हा हिशेब कागदावर फार छान दिसतो, आणि म्हणूनच मला तो संशयास्पद वाटतो. पहिली दोन वर्षे एकाच खाडीला द्यावीत आणि पुढच्या खाड्यांची कामे एकमेकांत गुंतत जाऊ द्यावीत. माझे मत कर्लीच्या बाजूने आहे, कारण कुडाळ-मालवणची मंडळी संख्येने जास्त आहेत. चिपळूण, सावर्डे आणि देवरुखची मंडळी वाशिष्ठीचा आग्रह धरतील आणि त्यांच्याजवळ कला महाविद्यालये आहेत, हा त्यांचा मुद्दा बिनतोड आहे. यावर आज हात वर करून निर्णय घेऊ नये. जूनच्या भेटीसाठी दोन्ही ठिकाणी कोण प्रत्यक्ष जाऊ शकतो त्यांची नावे आज वहीत लिहून घ्यावीत, करार आणि वर्गणी यांचा मसुदा दोघा-तिघांनी तोवर तयार ठेवावा, आणि जे जाऊन आले असतील त्यांनीच पितृपक्षातल्या शिबिरात खाडी ठरवावी.