वॉशिंग्टन आडनावाचे खरे वारसदार

मंडळी, वॉशिंग्टन हे आडनाव मुळात एका गावाचं. इंग्लंडच्या ईशान्येला, डरहॅमच्या जुन्या मुलखात हे गाव आहे. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात विल्यम द हर्टबर्न या सरदाराने तिथली जहागीर घेतली आणि जुनं नाव टाकून गावाचं नाव लावलं. आपल्याकडची ‘कर’वाली आडनावं अशीच झाली.

पुढे घराण्याची एक शाखा दक्षिणेत आली. राजा आठव्या हेन्रीने मठ मोडीत काढले, तेव्हा त्यांच्या जमिनी विक्रीला निघाल्या. लोकरीचा व्यापारी लॉरेन्स वॉशिंग्टन याने १५३९ साली नॉर्दम्प्टनशर परगण्यातल्या सल्ग्रेव्ह गावची जमीन घेतली आणि वाडा बांधला. दोन आडवे पट्टे आणि वर तीन तारे, हे घराण्याचं चिन्ह. अमेरिकेच्या राजधानीच्या झेंड्यावर १९३८ पासून तेच आहे. याच वंशातला जॉन सतराव्या शतकात व्हर्जिनियात जाऊन स्थायिक झाला. जॉर्ज वॉशिंग्टन त्याचा पणतू.

आडनावाचा इतिहास सांगणारे बहुधा इथे थांबतात. मला ते पटत नाही. जॉर्जला स्वतःचं मूल नव्हतं. २००० सालच्या अमेरिकन जनगणनेत मात्र या आडनावाची १,६३,०३६ माणसं होती, आणि त्यांतली सुमारे नव्वद टक्के कृष्णवर्णीय. त्यांचा इतिहास वगळून या आडनावाचा इतिहास कसा होईल?

बुकर नावाचा एक मुलगा बघा. जन्म व्हर्जिनियातला, गुलामीतला. मुक्ती मिळाल्यावर घरचे वेस्ट व्हर्जिनियात माल्डनला आले. सावत्र वडील मिठाच्या भट्टीवर कामाला होते, पोरालाही तिथेच लावलं. वडिलांच्या वाट्याच्या पिंपांवर १८ हा आकडा घातलेला असायचा. बुकरला पहिल्यांदा वाचता आला तो हाच आकडा. मग शाळा मिळाली. हजेरी सुरू झाली, तर प्रत्येक पोराला दोन नावं, काहींना तीनसुद्धा! याच्याजवळ एकच. पाळी येईपर्यंत त्याने ठरवून टाकलं आणि मास्तरांना शांतपणे सांगितलं, ‘बुकर वॉशिंग्टन’. सावत्र वडिलांचं पहिलं नाव वॉशिंग्टन होतं. पुढे टस्कीगीची शिक्षणसंस्था उभी करणारे बुकर टी. वॉशिंग्टन ते हेच.

मालकाचंच नाव गुलामांना चिकटलं, असं सरसकट म्हणतात. तसं नव्हतं. कित्येकांनी आपसात स्वतःची आडनावं जपली होती, कित्येकांनी मुक्तीनंतर ती निवडली. पण सरकारी कागदावर ती यायची कुठून? १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या याद्यांत मालकाच्या नावाखाली मुख्यतः वय, लिंग, वर्ण लिहीत. माणसाचं नाव जवळजवळ कधीच नाही. मुक्त झालेल्यांची नावानिशी नोंद झाली ती १८७० च्या जनगणनेत. आज आपले पूर्वज शोधणारे वॉशिंग्टन त्या सालापाशी येऊन अडतात. त्यामागे जायचं तर मालकांची मृत्युपत्रं आणि खरेदीखतं चाळावी लागतात. तिथेही बहुधा नुसतं पहिलं नाव सापडतं, आणि त्याच्यापुढे किंमत.