वायमेआचा चेरी उत्सव: फुलं वेळ पाळत नाहीत, गाव पाळतं

(दृश्य: ढगांत अर्धा बुडालेला मौना केआ पर्वत, पायथ्याशी हिरवी कुरणं, मधून जाणारा हमरस्ता)

हवाई बेटसमूहातल्या सर्वांत मोठ्या बेटाच्या उत्तरेला, समुद्रसपाटीपासून सुमारे 815 मीटर उंचीवर वायमेआ वसलं आहे. गाव गुराख्यांचं. इथे नारळाची झाडं शोधावी लागतात, गाई मात्र चहूकडे दिसतात. याच नावाची ठिकाणं कवाई आणि ओआहू बेटांवरही आहेत, म्हणून टपाल खात्याने या गावाला कामुएला हे नाव दिलं. नकाशावर शोधताना कामुएला लिहिलं तर चुकीच्या बेटावर पोचायची भीती नाही.

फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी सकाळी 9 ते दुपारी 3 इथे चेरी ब्लॉसम हेरिटेज फेस्टिव्हल भरतो. प्रवेश मोफत. 1990च्या दशकात सुरू झालेला हा उत्सव हवाई काउंटीचा उद्यान विभाग आणि गावातल्या संस्था मिळून करतात. एक मैदान, एक मंडप असा प्रकार नाही. देवळं, दुकानं, बँका, वाहनतळ, बागा अशा अनेक ठिकाणी एकाच वेळी काही ना काही चालू असतं. जिथे कार्यक्रम आहे तिथे गुलाबी पताका लावलेली असते.

(दृश्य: चर्च रो पार्क. रस्त्याच्या कडेने चेरीची झाडं. निष्पर्ण फांद्यांवर गडद गुलाबी फुलं)

आधी झाडांचं पाहू, कारण बहुतेकांची निराशा इथेच होते. तोक्योच्या छायाचित्रांत दिसणारी फिकट, जवळपास पांढरी फुलं इथे फुलत नाहीत. त्या जातीला हिवाळ्यात जेवढे आठवडे कडक थंडी लागते, तेवढी वायमेआत पडत नाही. इथे आहे ती तैवानची चेरी. तिला थोडी थंडी पुरते. फुलं घंटेसारखी खाली लोंबणारी, रंग गडद गुलाबी, आणि पानं फुटण्याआधी बहर. हिवाळा उबदार गेला की कळ्या एकदम उमलत नाहीत. एक फांदी भरलेली असते, शेजारची अजून मिटलेली. थंडी लवकर पडली तर जानेवारीतच बहर येऊन जातो. त्यात इथला वारा आणि त्याच्यासोबत येणारा बारीक गार पाऊस. दोन दिवस ते दोघे जोरात असले की पाकळ्या झाडावर कमी आणि गवतावर जास्त. उत्सवाची तारीख मात्र कॅलेंडरवर ठरते. त्यामुळे भरगच्च बहराची खात्री कोणी देत असेल तर विश्वास ठेवू नये.

फुलं असली तर फांदीकडे मिनिटभर नीट पाहा. हिरवा, डोळ्याभोवती पांढरं कडं असलेला इवलासा पक्षी उलटा लटकून मध पिताना दिसेल. आपल्या चष्मेवाल्याचा हा जपानी भाऊबंद, मेजिरो. तोही बाहेरूनच आला. 1929 मध्ये ओआहूवर सोडला आणि मग बाकीच्या बेटांवरही पसरला.

(दृश्य: जुनी छायाचित्रं. उसाचे मळे, जहाजातून उतरणारी कुटुंबं)

चर्च रो पार्कमधली चेरीची पहिली तीन झाडं 1953 साली लावली गेली, फ्रेड किन्झाबुरो माकिनो यांच्या स्मरणार्थ. त्याच वर्षी ते वारले. वडील इंग्रज, आई जपानी, जन्म योकोहामाचा. 1899 मध्ये ते हवाईला आले आणि पुढे होनोलुलूत औषधांचं दुकान चालवू लागले. 1909 मध्ये ओआहूवरच्या जपानी ऊसमजुरांनी पगारवाढीसाठी संप केला, तेव्हा माकिनो पुढाऱ्यांपैकी एक होते आणि त्यासाठी तुरुंगातही गेले. 1912 मध्ये त्यांनी ‘हवाई होची’ हे वृत्तपत्र काढलं. सरकारने जपानी भाषेच्या शाळांवर निर्बंध घातले, तेव्हा त्यांनी त्याविरुद्धच्या लढ्याला बळ दिलं आणि 1927 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांच्या बाजूने निकाल दिला. उत्सवाला आलेले बरेच जण या झाडांखाली छायाचित्रं काढतात; ती कोणासाठी लावली हे थोड्यांना ठाऊक असतं.

जपानी मजूर कराराने इथे मोठ्या संख्येने आले ते 1885 पासून, उसासाठी. वायमेआत ऊस नव्हता. इथे 1847 मध्ये सुरू झालेलं पार्कर रँच होतं आणि घोड्यावरून गुरं वळणारे पनिओलो होते. करार संपलेले काही जपानी लोक वर, या थंड हवेत आले. कोणी रँचवर नोकरी धरली, कोणी भाजीपाला पिकवू लागला. दुसऱ्या महायुद्धात, 1943च्या अखेरीपासून, अमेरिकी मरीन सैनिकांची मोठी छावणी गावाशेजारी पडली. हजारो तोंडांना भाजी हवी होती, त्यामुळे शेतीने जोर धरला. उत्सवात खोगिराच्या दुकानापासून चार पावलांवर बोन्साय दिसतं ते या इतिहासामुळे.

(दृश्य: वाफेने भरलेला मांडव. लाकडी चौकटींची उतरंड)

दिवसभरात एकच गोष्ट पाहायला वेळ असेल तर मोची, म्हणजे चिकट तांदळाचे जपानी गोळे, त्यांच्यासाठीचं कुटणं पाहा. ते चर्च रो पार्कजवळच्या कामुएला होंगवांजी या बौद्ध मंदिराच्या आवारात चालतं. शक्यतो सकाळीच गाठा.

मोचीचा तांदूळ वेगळा. त्यात अमायलोज जवळजवळ नसतं, म्हणून शिजल्यावर त्याचा एकसंध, ताणला जाणारा गोळा होतो. आंबेमोहोर तर सोडाच, चिकट म्हणून ओळखली जाणारी इंद्रायणीही इथे चालत नाही; तिचा लगदा होतो, ताण येत नाही. तांदूळ आदल्या रात्री धुऊन आठ ते बारा तास भिजवतात, निथळतात आणि फडकं घातलेल्या लाकडी चौकटींत वाफवतात. पाण्यात शिजवत नाहीत. चौकटी एकावर एक रचलेल्या असतात. सर्वांत खालची आधी शिजते, ती काढली की वर नवी चढते. पहिल्या चौकटीला साधारण चाळीस मिनिटं लागतात. शीत बोटांत चिरडून बघायचं. मध्ये कणी राहिली असेल तर कितीही कुटलं तरी ती मोचीत दाताखाली येते.

(दृश्य: जवळून. उखळ, त्यात वाफाळता भात)

दगडी किंवा लाकडी उखळ, म्हणजे उसू, आधी गरम पाण्याने तापवून घेतात. थंड उखळात भात पडला की तळाशी गारठतो आणि गुठळ्या धरतो. कीने नावाचे लाकडी हातोडे पाण्यात भिजवून ठेवतात, नाहीतर भात त्यांना चिकटून वर उचलला जातो. एका घाण्याला दोन-तीन किलो तांदूळ पुष्कळ.

नवखे लोक चुकतात ते सुरुवातीला. भात पडल्या पडल्या घाव घालायला घेतात आणि शितं चहूकडे उडतात. आधी हातोडा भातावर टेकवून, अंगाचा भार देत, उखळाभोवती फिरत रगडायचं. शितं मोडून भात सांधला की मग घाव. दोघं-तिघं आळीपाळीने कुटतात आणि खाली बसलेला एक जण दोन घावांच्या मधल्या क्षणात ओल्या हाताने गोळा उलटतो. ताल ओरडून धरला जातो, कारण तो चुकला तर बोटं सापडतात. हात ओला करायचा तो निसटता. पाणी जास्त झालं की मोची सैल पडते आणि आकार धरत नाही. घाव उखळाच्या काठावर बसला तर हातोड्याचा कपचा उडून गोळ्यात जातो, म्हणून अनुभवी माणूस पाहुण्यांच्या हाती हलका हातोडा देतो आणि नेम मधोमध ठेवायला लावतो. लहान मुलांनाही एक-दोन घाव घालू देतात.

दहा मिनिटांत गोळा गुळगुळीत होतो. बटाट्याच्या किंवा मक्याच्या स्टार्चवर तो टाकून, मुठीतून पिळून लिंबाएवढे गोळे तोडतात. काहींत लाल चवळीसारख्या अझुकीचं गोड पुरण भरतात. गरम असताना हे भराभर व्हावं लागतं. गार गोळ्याची कड जुळत नाही. खाताना छोटे घास घ्या आणि म्हाताऱ्या माणसांना, लहान मुलांना तुकडे करून द्या. मोची घशात अडकण्याचा धोका खरा आहे.

(दृश्य: चहाविधी, रजया, बोन्साय, ओरिगामी. झपझप बदलणारी चित्रं)

चहाविधीला बसायच्या जागा थोड्या, म्हणून नाव आधी नोंदवा. गोड आधी खायचं, मग वाटी किंचित फिरवून तिची दर्शनी बाजू ओठांना लागणार नाही अशी धरायची. बोन्सायच्या प्रात्यक्षिकात तार गुंडाळताना पाहा. कात्रीपेक्षा कसब त्यात जास्त आहे. रजया आणि ओरिगामी चालता चालता होतात. बॉन नाच मात्र उभं राहून बघायचा नाही. खरं तर तो उन्हाळ्यातला, पितरांच्या सणाचा; इथे ओळख म्हणून करतात. वर्तुळात शिरा, पुढच्या माणसाचे हात बघा, तिसऱ्या फेरीपर्यंत जमतं.

(दृश्य: खाण्याच्या टपऱ्या)

शाकाहारी मंडळींनी विचारून घ्यावं. मुसुबीत भातावर डबाबंद मांसाची चकती असते. साइमिन शेवयांच्या पाण्यात मासे किंवा कोळंबीचा अर्क असतो, वरून डुकराचं मांस. चाव फन नूडल्समध्येही बहुधा तेच. अंदागी हे तळलेले ओकिनावी गोळे दिसायला निरुपद्रवी, पण त्यांत अंडं असतं. मोची आणि किसलेल्या बर्फाचा गोळा निर्धास्त घ्या. सुटे डॉलर जवळ असू द्या.

(दृश्य: हमरस्त्यावर गाड्यांची रांग, शटल बस)

कोना विमानतळापासून वायमेआ गाडीने पाऊण ते एक तासावर आहे, हिलोहून साधारण सव्वा तास. गावातून जाणारा मामालाहोआ हमरस्ता मुख्य, त्यात शनिवार म्हणजे शेतकरी बाजाराचाही दिवस. साडेआठच्या आत गाडी लावा आणि उत्सवाच्या दोन टोकांमधलं अंतर शटलने कापा. गाडी हलवत बसलात तर दुपार वाहनतळ शोधण्यातच जाईल. गावाची पूर्वेची बाजू ओली, पश्चिमेची कोरडी, आणि दोन्हींत अंतर थोडंच. एका ठिकाणी ऊन असलं तरी पाऊण मैलावर भिजायची तयारी ठेवा. किनाऱ्यावरच्या चड्डी-सपातांत आलेले दहा वाजता दुकानात जाकीट शोधताना दिसतात.

मोची घरी नेणार असाल तर त्याच दिवशी संपवा. दुसऱ्या दिवशी ती कडक होते. मग भाजून, फुगवून, सोया सॉस लावून खायची. रोपं विकत घेणाऱ्यांनी विक्रेत्याला तपासणीचा दाखला आहे का ते आधी विचारावं. हवाईहून अमेरिकेच्या मुख्य भूमीवर जाताना कृषी खात्याचे लोक सामान तपासतात, आणि मातीसकट घेतलेली कुंडी विमानात चढत नाही.