एक मॉड्यूल, अनेक पायथन

(पडद्यावर: टर्मिनल. एकाच मशीनवर पायथन ३.११ आणि ३.१२.)

निवेदन:
शुद्ध पायथनमध्ये लिहिलेलं मॉड्यूल, म्हणजे इतर प्रोग्रामना वापरता येणारी कोडची फाइल, बहुतेकदा या दोन्ही आवृत्त्यांना चालतं. मग डिस्कवर त्याच्या दोन प्रती कशाला?

कारण पूर्वी एकाच प्रतीवरून आवृत्त्यांचं भांडण व्हायचं. ते सोर्सवरून, म्हणजे लिहिलेल्या कोडवरून, नव्हतंच, होतं पीवायसी फाइलवरून. मॉड्यूल इम्पोर्ट झालं, म्हणजे प्रोग्रामने वापरायला घेतलं, की पायथन त्याचा बाइटकोड, म्हणजे सोर्स कंपाइल करून बनलेलं रूप, या फाइलमध्ये साठवतो. फाइलच्या सुरुवातीला चार बाइट्सचा मॅजिक नंबर असतो, बाइटकोड कुठल्या आवृत्तीचा ते सांगणारा. ३.११चा वेगळा, ३.१२चा वेगळा. पूर्वी ही फाइल सोर्सच्या शेजारीच बसायची आणि तिचं नाव सगळ्या आवृत्त्यांसाठी एकच असायचं. म्हणजे एकाने लिहिलेली फाइल दुसरा नाकारणार, पुन्हा कंपाइल करणार आणि त्याच नावावर आपली फाइल लिहून मोकळा होणार. मग पुन्हा पहिल्याची पाळी.

डेबियन या लिनक्स प्रणालीने यावर सिमलिंकचा, म्हणजे दुसरीकडच्या फाइलकडे बोट दाखवणाऱ्या दुव्याचा, जुगाड केला होता. खरा सोर्स पायशेअर्ड नावाच्या फोल्डरमध्ये, प्रत्येक आवृत्तीच्या डिस्ट-पॅकेजेस या मॉड्यूलांच्या फोल्डरमध्ये त्याची सिमलिंक आणि पीवायसी त्या लिंकशेजारी. चालायचं, पण सांभाळणाऱ्याला विचारा!

(पडद्यावर: पायकॅश फोल्डर उघडतं.)

फेब्रुवारी २०११मध्ये आलेल्या पायथन ३.२ने हा गुंता सोडवला. बॅरी वॉरसॉ यांच्या पेप ३१४७नुसार (पेप म्हणजे पायथनमधल्या बदलाचा प्रस्ताव) पीवायसी फाइल पायकॅश फोल्डरमध्ये गेली आणि तिच्या नावातच आवृत्ती आली: सीपायथन-३११, सीपायथन-३१२ (सीपायथन म्हणजे नेहमीचा, सीमध्ये लिहिलेला पायथन). आता डेबियनमध्ये पायथन ३च्या सगळ्या आवृत्त्यांना मिळून एकच डिस्ट-पॅकेजेस पुरतं. बाइटकोड पॅकेजमध्ये नसतोच. तो इन्स्टॉल करताना तयार होतो.

सी एक्स्टेन्शनचं, म्हणजे सी भाषेत लिहून कंपाइल केलेल्या मॉड्यूलचं, मात्र इतकं सोपं नाही. पेप ३१४९मुळे त्याच्या कंपाइल केलेल्या एसओ फाइलच्या नावातही आवृत्ती आली, त्यामुळे त्या एका फोल्डरमध्ये नांदतात. पण बिल्ड प्रत्येक आवृत्तीसाठी वेगळा करावाच लागतो. पेप ३८४चा स्टेबल एबीआय, म्हणजे आवृत्ती बदलली तरी न बदलणारा बायनरी जोड, यातून सुटका देतो, मॉड्यूलने पायथनच्या सी फंक्शन्सपैकी (एपीआय) ठरावीकच वापरली तर. बाकीची वापरण्याचा मोह आवरणं सगळ्यांना परवडत नाही.

आणि सामायिक फोल्डरची एक किंमत आहेच: मॉड्यूलची आवृत्ती सगळ्यांना एकच. पायथन ३.१२मधून डिस्टयुटिल्स, म्हणजे मॉड्यूल बिल्ड आणि इन्स्टॉल करायचं जुनं साधन, काढून टाकलं. ते इम्पोर्ट करणारं मॉड्यूल ३.११मध्ये फार तर इशारा देऊन चालतं, ३.१२मध्ये, दुसऱ्या कुणी डिस्टयुटिल्स पुरवलं नाही, तर पहिल्याच ओळीत 'मॉड्यूल नॉट फाउंड' म्हणून आडवं पडतं. म्हणून डेबियनचं पॅकेज बांधणारं साधन पायबिल्ड बिल्डच्या वेळीच मॉड्यूलच्या टेस्ट प्रत्येक इंटरप्रिटरवर, म्हणजे पायथनच्या प्रत्येक आवृत्तीवर, वेगवेगळ्या चालवतं.