गार्सडेलची संध्याकाळची गाडी

(दृश्य: लीड्स स्टेशन, सकाळ. फलकावर कार्लाइलची गाडी.)

लीड्सहून कार्लाइलला साधारण दोन तासांनी एक गाडी सुटते. इंग्लंडच्या उत्तरेत मोटारीशिवाय चार दिवस हिंडायचं ठरलं, तेव्हा वहीत पहिली ओळ हीच लिहिली. कुठे काय बघायचं, ते नंतर.

गावाकडे मुक्कामी एसटी असते. शेवटची गाडी रात्री गावात वस्तीला राहते आणि पहाटे तीच परत निघते. यॉर्कशायर डेल्सच्या खोऱ्यांत तसं नाही. इथली शेवटची बस दिवेलागणीच्या आधीच निघून गेलेली असू शकते. म्हणून बेत शेवटाकडून आखायला घेतला. आधी परतीची शेवटची बस शोधायची, मग तिच्या आधीची. आपली बस ती आधीची. शेवटची राखून ठेवायची, पाऊस आला किंवा पाय मुरगळला तर.

रविवारचं वेळापत्रक निराळं असतं. उन्हाळ्यात रविवारी आणि सार्वजनिक सुट्टीला ‘डेल्सबस’च्या जादा फेऱ्या सुटतात, तेव्हा एरवी न पोचणारी गावंही हाताशी येतात. बसचं भाडं परवडतं. २०२५पासून इंग्लंडमधल्या बहुतेक स्थानिक बसना एका वेळच्या प्रवासाला जास्तीत जास्त ३ पौंड पडतात. रेल्वेला मात्र आधी सवलतीचं कार्ड काढा. दोघं मिळून फिरत असाल, तर दोघांच्या जोडकार्डावर तिकिटात एक तृतीयांश सूट मिळते.

(दृश्य: खिडकीबाहेर दगडी बांध, मेंढ्या, मग उघडा माळ.)

सेटल स्टेशन सोडलं की गाडी चढायला लागते. शेतं मागे पडतात, झाडं विरळ होतात, आणि रिबलहेडला उतरलं की आधी वारा अंगावर येतो. समोर २४ कमानींचा पूल. उंची ३२ मीटर, लांबी ४०० मीटर. नीट बघा, दर सहावा खांब जास्त जाड आहे. एखादा खांब ढासळला, तरी पडझड पाच कमानींवर थांबावी, पूल अख्खा जाऊ नये, यासाठी.

आज पुलाखाली गवत आहे. १८७०च्या सुमारास इथे पूल बांधणाऱ्या मजुरांची वस्ती होती. शेकडो माणसं, त्यांच्या बायका, मुलं, लाकडी झोपड्या. १८७१मध्ये देवीची साथ आली. अपघात तर रोजचेच. जवळच्या चॅपल-ले-डेलच्या चर्चची दफनभूमी अपुरी पडली, ती वाढवावी लागली. चर्चमध्ये मेलेल्या मजुरांच्या स्मरणार्थ एक संगमरवरी पाटी आहे. तिचा खर्च रेल्वे कंपनीबरोबर सोबतच्या मजुरांनी उचलला होता. रिबलहेडला आलात, तर या चर्चसाठी तासभर ठेवा. पूल बघून आपण फोटो काढतो, पण तो कोणी उभा केला, ते त्या पाटीपुढे उभं राहिल्यावर कळतं.

इथून पुढे पायी जाता येतं. ब्ली मूरच्या डोंगरावरून, बोगद्याला हवा पुरवणाऱ्या जुन्या विहिरींच्या कडेने वाट पलीकडच्या खोऱ्यात उतरते. मोटारीने आलेल्याला मोटारीपाशीच परतावं लागतं. आपण एका स्टेशनवर उतरायचं, डोंगर ओलांडायचा आणि दुसऱ्या स्टेशनवर गाडी धरायची. मोटार नसल्याचा हा फायदा मला फार मोठा वाटतो.

फक्त नावांवर विसंबू नका. डेंट हे इंग्लंडच्या मुख्य रेल्वेमार्गांवरचं सर्वांत उंच स्टेशन, सुमारे ३५० मीटर. डेंट गाव मात्र तिथून सहा किलोमीटरहून लांब, आणि खाली खोऱ्यात. जाताना उतार आहे म्हणून बरं वाटतं. संध्याकाळी तोच चढ चढायचा असतो.

(दृश्य: गार्सडेल स्टेशन. बाहेर छोटी पांढरी बस.)

पुढचं स्टेशन गार्सडेल. घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. इथून दहा किलोमीटरवरच्या हॉजला ‘लिटल व्हाइट बस’ जाते. खोऱ्यातल्या लोकांनीच चालवलेली ही सेवा. हॉज म्हणजे वेन्स्लीडेल चीजचं गाव. दुपारभर तिथे रमलो आणि ठरल्याप्रमाणे आधीच्या बसने गार्सडेलला परतलो. गाडीला अवकाश होता.

फलाटावर एक कुत्रा आहे, काशाचा. नाव रसप. १९८०च्या दशकात ब्रिटिश रेलने, म्हणजे तेव्हाच्या सरकारी रेल्वेने, हा मार्ग बंद करायचं ठरवलं. रिबलहेडच्या पुलाची दुरुस्ती परवडत नाही, हे मुख्य कारण सांगितलं गेलं. तोवर बरीचशी मधली स्टेशनं १९७०मध्येच बंद झाली होती. लोक गप्प बसले नाहीत. हजारोंनी लेखी हरकती घेतल्या, आणि त्यांत रसपच्या पंजाचा ठसाही होता. त्याचं तिकीट काढलेलं असे, म्हणून तोही प्रवासी. ११ एप्रिल १९८९ रोजी सरकारने मार्ग चालू ठेवायचं जाहीर केलं. पूल दुरुस्त झाला.

पुढच्याच वर्षी, जानेवारीत, रसपचा मालक वेल्सच्या डोंगरात फिरायला गेला आणि परतला नाही. अकरा आठवड्यांनी त्याचा मृतदेह सापडला, तेव्हा रसप शेजारी होता. चौदा वर्षांचा कुत्रा, अख्खा हिवाळा तिथे राहिला. २००९मध्ये त्याचा पुतळा या फलाटावर बसवला.

(दृश्य: पुतळ्याचं डोकं, असंख्य हातांनी चकचकीत झालेलं.)

उद्या कार्लाइलहून पूर्वेकडची गाडी धरून हॉल्टविसलला उतरायचं आहे. तिथून हेड्रियनच्या रोमन भिंतीच्या कडेने एक बस जाते. तिचा क्रमांक एडी १२२. एडी म्हणजे इसवी सन, आणि इसवी सन १२२मध्ये भिंतीचं काम सुरू झालं. ती फक्त हंगामात धावते, म्हणून तारखा आधीच पाहून ठेवल्यात.

गार गार वारा सुटलाय. फलाटावर आम्ही चौघं आणि रसप. सिग्नल हिरवा झाला, आणि दक्षिणेकडच्या वळणावर गाडीचा दिवा दिसला.